वळणाचे नाव

चि. सायली,

बारामतीला तू एकटीने विमान उडवलेस, हे ताईच्या फोनवरून कळले. खूप आनंद झाला. उडण्याबद्दल तुझे प्रशिक्षक सांगतीलच. माझी नोकरीची सगळी वर्षे टॉवरमध्ये गेली, म्हणून मी जमिनीवरचे सांगतो.

धावपट्टीला आकडा मिळतो तो तिच्या चुंबकीय दिशेवरून. गोंधळ नको म्हणून टॅक्सी-वेला अक्षर देतात: अल्फा, ब्राव्हो, आणि त्यांच्या फाट्यांना ए1, ए2. आय, ओ आणि एक्स शक्यतो टाळतात, कारण पहिली दोन एक आणि शून्यासारखी दिसतात, आणि फुली म्हणजे 'बंद'. विमान उभे करायच्या जागांना, म्हणजे बेंना, बहुधा नुसते आकडे असतात. हे तुला पाठ असेल. काळ्या पाटीवर पिवळे अक्षर म्हणजे तू आत्ता इथे आहेस, पिवळ्या पाटीवर काळे म्हणजे तो रस्ता तिकडे आहे, आणि लाल पाटीवर पांढरे दिसले की परवानगीशिवाय चाक पुढे जाता कामा नये.

एक एप्रन, मोजके बे आणि एखाद-दुसरा टॅक्सी-वे एवढ्याशा विमानतळावर नावांचे एवढे काय, असे तुमच्या वयात वाटते. मला उलट वाटते. मोठ्या ठिकाणी जमिनीवरचे रडार असते, वाट दाखवणारे दिवे असतात. टॉवर नसलेल्या मैदानावर तू कुठे आहेस हे उतरायला आलेल्या वैमानिकाला तुझ्या तोंडच्या नावावरूनच कळते. म्हणून 'हँगरमागचा रस्ता' असली घरगुती नावे रेडिओवर कधीही वापरू नकोस. बाहेरगावाहून आलेल्याला तो हँगर माहीत नसतो.

मिलानच्या लिनाते विमानतळाची हकिकत नीट वाच. 8 ऑक्टोबर 2001, सकाळी दाट धुके. पश्चिमेकडच्या एप्रनवरून एक छोटे सेसना जेट निघाले. त्याला आर5 ने जायला सांगितले होते. तो रस्ता धावपट्टीच्या उत्तर टोकाला वळसा घालून जात होता. वैमानिकाने 'रोमिओ 5' असे बरोबर परत म्हटले आणि वळला मात्र आर6 वर, जो थेट धावपट्टी ओलांडत होता. वाटेत त्याला जमिनीवर 'एस4' असे रंगवलेले दिसले. त्याने ते रेडिओवर सांगितले. पण एस4 नकाशात नव्हते, कंट्रोलरला ते कुठे आहे हे ठाऊक नव्हते, आणि त्याने पुढे जाऊ दिले. जमिनीवरचे रडार बंद होते. उड्डाणासाठी धावणारे एसएएस या विमान कंपनीचे विमान त्याच्यावर आदळले. 118 माणसे गेली, त्यांतली चार सामानाच्या इमारतीत काम करणारी होती.

माझ्या खुर्चीवरून पाहिले, तर सगळ्यात जास्त सलते ते हे एस4. वैमानिकाने डोळ्यांना दिसले ते खरे सांगितले होते. अनोळखी नाव कानावर पडताच कंट्रोलरने 'आहेस तिथेच थांब' एवढे म्हटले असते तरी पुरले असते.

तेव्हा नाव परत म्हटले की काम झाले असे समजू नकोस. वळण्याआधी पाटी वाच, चार्टवर बोट ठेव, कंपासशी दिशा ताडून बघ. यांतले एकही जुळले नाही तर ब्रेक लाव आणि विचार. मागे चार विमाने खोळंबली तरी खोळंबू देत. नवख्या विद्यार्थ्याने विचारल्याचा राग मला कधी आला नाही. न विचारता पुढे सरकणाऱ्याची मात्र धास्ती वाटायची.

जुन्या रंगाकडेही लक्ष ठेव. छोट्या मैदानांवर नाव बदलते, चार्ट बदलतो आणि डांबरावर जुने अक्षर अर्धवट तसेच राहते. येत्या सुटीच्या दिवशी परवानगी काढून, प्रशिक्षकांना सोबत घेऊन, हातात ताजा चार्ट धरून सगळा टॅक्सी-वे पायी फिर. चार्टवर नसलेले एखादे जरी अक्षर जमिनीवर सापडले, तरी त्याच दिवशी विमानतळाच्या कार्यालयाला लेखी कळव आणि पोच घे.

तुझा,
मामा