आज्ञावलीने फॉर्म तयार करताना मूल्यांची मांडणी

शाळेची सहल मुंबईस न्यावयाची म्हटली म्हणजे पालकांची पसंती व खर्चाची ऐपत यांची माहिती आधी जमवावी लागते. इयत्तावार निरनिराळे गूगल फॉर्म हवे असल्यास ते अ‍ॅप्स स्क्रिप्टमधील आज्ञावलीकडून करून घेणे सोयीचे पडते. आज्ञावलीतील फंक्शनला कंसात जी मूल्ये पुरवावयाची, त्यांस अर्ग्युमेंट म्हणतात. पुष्कळशा चुका येथेच होतात. त्या दोन प्रकारच्या असतात.

१. बोलकी चूक : ‘कोणते स्थळ पाहावे?’ या प्रश्नास गिरगाव चौपाटी, दादरची चैत्यभूमी, १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये असलेली हाफकिन संस्था आणि लालबागच्या गणेशमूर्तींच्या कार्यशाळा असे चार पर्याय द्यावयाचे आहेत. ‘सेट चॉइस व्हॅल्यूज’ या फंक्शनला पर्यायांची यादी हे एकच अर्ग्युमेंट लागते. चार नावे सुटी लिहिली, तर अर्ग्युमेंटे चार होतात. यंत्र थांबते आणि मूल्ये जुळत नाहीत असा संदेश देते. संदेशातील कंसात पुरविलेल्या मूल्यांचे प्रकार लिहिलेले असतात. ते वाचले की दोष कळतो. प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत व सर्व नावे मिळून एका चौकटी कंसात घालावीत.

२. मुकी चूक : ‘सहलीचा खर्च कितपत परवडेल?’ या प्रश्नास १ ते ५ अशी श्रेणी ठेवली आहे. ‘सेट लेबल्स’ या फंक्शनला प्रथम खालच्या टोकाचे व नंतर वरच्या टोकाचे शब्द हवे असतात. म्हणजे आधी ‘मुळीच नाही’, मग ‘सहज’. बेरजेत संख्यांचा क्रम बदलला तरी चालते, वजाबाकीत चालत नाही. तसेच हे आहे. क्रम उलटला तरी दोन्ही मूल्ये शब्दच असल्याने यंत्र तक्रार करीत नाही. मग ज्या पालकास खर्च मुळीच झेपत नाही, तो ५ वर खूण करतो. उत्तरांच्या तक्त्यात केवळ ५ हा आकडा उमटतो, शिक्षक तो ‘सहज’ असा वाचतात आणि मदतीच्या यादीतून नेमके गरजू मूल वगळले जाते.

म्हणून फॉर्म पाठविण्यापूर्वी तो दोनदा भरून पाहावा : एकदा खर्च न परवडणाऱ्या पालकाच्या वतीने, एकदा परवडणाऱ्याच्या वतीने. तक्त्यात अनुक्रमे १ व ५ आले, तरच मांडणी बरोबर समजावी. नंतर ती उत्तरे पुसून टाकावीत.

स्वाध्याय : ‘सेट बाउंड्स’ या फंक्शनमध्ये आधी खालची व मग वरची मर्यादा द्यावयाची असते. खालची मर्यादा ० किंवा १ एवढीच चालते. ५ व १ असा क्रम दिल्यास ही चूक बोलकी ठरेल की मुकी, ते सकारण लिहावे.