इयत्ता तिसरीचा आठवडा

जूनच्या मध्यास राज्यातील बहुतेक प्राथमिक शाळांची दारे उघडतात. विदर्भात उन्हाची तीव्रता लक्षात घेऊन शाळा काही दिवस उशिरा सुरू होतात. पहिलीत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या बालकांचे त्या दिवशी फुले देऊन स्वागत केले जाते. शेजारच्या वर्गात दुसरी ओलांडून आलेली मुले कोणत्याही समारंभाविना आपापल्या जागी बसतात. वस्तुतः त्या मुलांच्या शिक्षणक्रमात याच दिवशी एक महत्त्वाचे वळण आलेले असते. पहिली दोन वर्षे मूल वाचावयास शिकते. तिसरीपासून ते शिकण्यासाठी वाचू लागते. गणितातील उदाहरण, परिसर अभ्यासातील माहिती, पाठाखालील प्रश्न हे सर्व त्याने स्वतः वाचून समजून घ्यावे, अशी येथून पुढे अपेक्षा असते.

या वळणाची दखल शैक्षणिक धोरणानेही घेतली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पायाभूत स्तर मानला असून तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारीचा स्तर मानला आहे. त्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने 'निपुण भारत' हे अभियान सुरू केले. तिसरीचे वर्ष संपेपर्यंत प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत अंकज्ञान व्हावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठावयाचे, असे या अभियानात ठरविण्यात आले. म्हणून तिसरीच्या वर्गात आठवड्यागणिक काय चालते, हे शिक्षकांखेरीज पर्यवेक्षकीय अधिकाऱ्यांनी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

तेहतीस आठवड्यांचे वर्ष

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन आवश्यक आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर २०० दिवसांचे सुमारे तेहतीस आठवडे होतात आणि एका आठवड्याच्या वाट्यास सरासरी चोवीस तास येतात. या चोवीस तासांत भाषा, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या सर्वांना स्थान द्यावयाचे असते.

हा हिशेब एका साध्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावयास हवा. घरची मंडळी बाजारास गेली की धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी तिसरीतील मुलीस घरी ठेवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. आठवड्यातून एकच दिवस तर जातो, असे पालकांस वाटते. परंतु तेहतीस आठवड्यांत हे तेहतीस दिवस होतात, म्हणजे शाळेचे साडेपाच आठवडे आणि सुमारे १३२ तास! तिची हजेरी कागदोपत्री समाधानकारक दिसते. पण आठवड्याच्या त्याच वारी वर्गात जे शिकविले गेले, ते वर्षभर तिच्या हाती लागत नाही.

भाषा : जोडाक्षरांकडून अर्थाकडे

मराठीच्या तासाला तिसरीत पाठ लांबतात व वाक्ये मोठी होतात. मुळाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या-उकार यांची ओळख आधीच्या दोन वर्षांत झालेली असते. तिसरीत खरी कसोटी लागते ती जोडाक्षरांची. एकट्या 'र' या अक्षराचे उदाहरण घेतले तरी पुरे. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि वाऱ्यावर या चार शब्दांत 'र' चार निरनिराळ्या रूपांनी येतो. मोठ्यांच्या डोळ्यांना ही रूपे सरावाची असतात. आठ वर्षांच्या मुलास मात्र ती एकेक करून ओळखावी लागतात आणि ती वाचनात व लेखनात पक्की होण्यास नित्याचा सराव लागतो.

तिसरीच्या अखेरीस मुलाने अपरिचित मजकूर मिनिटास किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा, असे निपुण भारत अभियानाचे लक्ष्य आहे. या लक्ष्यातील 'अर्थ समजून' या शब्दांकडे दुर्लक्ष होता कामा नये. कित्येक मुले ऐकून ऐकून पाठ झालेला धडा घडाघडा म्हणून दाखवितात व पाहुण्यांस ते वाचनच वाटते. त्याच शब्दांची दुसरी वाक्ये फळ्यावर लिहिली की ती अडखळतात. म्हणून अनुभवी शिक्षक आठवड्यातून एकदा तरी पाठ्यपुस्तकाबाहेरचा छोटा मजकूर वाचावयास देतात आणि 'यात काय घडले?' असे विचारतात. आठवड्याच्या शेवटी चार-पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहून घेण्याचा परिपाठही उपयुक्त आहे. श्रुतलेखनात शुद्धलेखन पारखले जाते. स्वतःच्या ओळींत मुलाचा विचार दिसतो.

ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या मराठीहून वेगळी आहे, त्यांच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावयास हवी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारकडे भिली व पावरी, पालघरकडे वारली बोलणारी मुले तिसरीत येतात, तेव्हा ती एकाच वेळी नवी भाषा आणि त्या भाषेतील विषय शिकत असतात. अशा मुलाचे गप्प बसणे हे बुद्धिमांद्याचे लक्षण समजले गेल्यास त्याच्यावर अन्याय होतो. घरचा शब्द आधी आणि मराठी शब्द त्याच्या जोडीने, या क्रमाने शिकविल्यास वर्गाचे बोलणे त्याच्या ओळखीचे होते.

गणित : संख्येचे नाव आणि संख्येचे स्थान

गणितात तिसरीचे मूल शतकाच्या पलीकडे जाते. चार अंकी, म्हणजे ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडविता यावीत, अशी निपुण भारत अभियानात अपेक्षा आहे. हातच्याची बेरीज, वजाबाकी, पाढे, समान वाटणीतून भागाकार, अर्धा-पाव-पाऊण या अपूर्णांकांची ओळख, लांबी, वजन, धारकता, घड्याळ, दिनदर्शिका आणि नाणी-नोटा असा हा विस्तार आहे.

मराठी मुलास संख्यांच्या नावांची एक अडचण असते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात व वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी येतो व ५ नंतर. 'एकोणतीस' या शब्दात तीस आहेत, पण २९ या लेखनात तीनचा अंक कोठेच नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाचा पर्याय देण्यात आला, तेव्हा त्यावर राज्यभर मोठी चर्चा झाली. त्या चर्चेत कोणतीही बाजू घेतली, तरी मुलांची अडचण खरी आहे हे मान्य करावे लागते. 'तीनशे पाच' लिहावयास सांगितल्यावर एखादे मूल ३००५ लिहिते, ते निष्काळजीपणामुळे नव्हे. त्याने जसे ऐकले तसेच लिहिलेले असते. तीनशे म्हणून ३०० आणि पुढे ५. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, अशा दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा आणि सुट्या काड्या हाताळल्यावर अंकाच्या जागेचे महत्त्व त्यास उमगते. लाल शाईची फुली त्याला हे शिकवू शकत नाही.

वाचन आणि गणित यांचा संबंधही तिसरीतच स्पष्ट होतो. 'सात सक किती?' असे विचारल्यास बेचाळीस हे उत्तर चटकन मिळते. 'एका वाफ्यात वांग्याची ७ रोपे लावली. अशा ६ वाफ्यांत एकूण किती रोपे लागतील?' हे उदाहरण छापील स्वरूपात समोर आले की तेच मूल विचारते, 'गुरुजी, बेरीज करायची की गुणाकार?' अशा वेळी उणीव पाढ्यांत नसून वाचनात असण्याचा संभव असतो. ते उदाहरण शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखविताच उत्तर बरोबर आले, तर निदान पक्के झाले असे समजावे.

परिसर : गावच पाठ्यपुस्तक

परिसर अभ्यासात विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा पहिला परिचय होतो. वनस्पती व प्राणी, अन्न, पाणी, निवारा, दिशा व नकाशा, गाव आणि जिल्हा हे त्याचे विषय. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या 'बालभारती'ने २०१४ मध्ये तिसरीसाठी या विषयाची जिल्हानिहाय पुस्तके काढली. रत्नागिरीच्या मुलाने आपल्या जिल्ह्याचा नकाशा पाहावा व लातूरच्या मुलाने आपल्या, हा त्यामागील हेतू होय.

हा विषय चार भिंतींत शिकवून भागत नाही. गावच्या विहिरीचे किंवा टाकीचे पाणी कोठून येते, ते उन्हाळ्यात का आटते, शाळेच्या पूर्वेस काय आहे व पश्चिमेस काय, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोणती कामे होतात, हे प्रत्यक्ष पाहून मुलांनी नोंदवावयाचे असते. येथे पंचायत सदस्यांस शाळेस मोठे साहाय्य करता येईल. सरपंचांनी अर्धा तास वर्गाशी बोलणे, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने टाकी व झडपा दाखविणे, कचेरीतील गावाचा नकाशा मुलांपुढे उलगडणे यास खर्च येत नाही. पुस्तकातील पान आणि पायाखालचे गाव यांचे नाते मात्र त्यामुळे जुळते.

इंग्रजी हा विषय राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच शिकविला जातो. तिसरीत साधी संभाषणे, सूचना व छोटी वाक्ये येतात. चित्रकला, गायन, हस्तकाम आणि खेळ यांचे तास अन्य विषयांसाठी उसने घेण्याचा मोह टाळला पाहिजे. वाचनात मागे असलेले मूल बऱ्याचदा याच तासांना पुढे असते आणि तेथे मिळालेला आत्मविश्वास ते इतर तासांना घेऊन जाते.

एक शिक्षक, अनेक वर्ग

वर वर्णिलेला आठवडा प्रत्यक्षात आणणे सर्वत्र सारखे सोपे नाही. अधिनियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. लहान वाड्या-वस्त्यांवरील शाळांत एकाच शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. तेथे आठवड्याचे चोवीस तास पूर्ण भरले, तरी शिक्षकांचे प्रत्यक्ष लक्ष तिसरीस त्याच्या काही हिश्शाइतकेच मिळते. उरलेल्या वेळात मुलांनी स्वतः किंवा जोडीने करावयाचे काम आदल्या दिवशीच योजलेले नसेल, तर तो वेळ पाटीवर तेच ते उतरविण्यात जातो. अधिनियमात शिक्षकांसाठी आठवड्याचे ४५ तास सांगितले असून त्यांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे, तो याच कारणासाठी. म्हणून शिक्षकांकडून माहिती व अहवाल मागविताना हा तयारीचा वेळ खर्ची पडत नाही ना, हे अधिकाऱ्यांनी पाहणे इष्ट ठरेल.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीच्या सुमारास बीड आणि त्यालगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलाचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते आणि तिसरीचा भागाकार, अपूर्णांक, मोठे पाठ त्याने पाहिलेलेच नसतात. अशा मुलांना गावीच आजी-आजोबांकडे ठेवून हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्यांच्या भोजनाची सोय करता येते. त्यासाठी कोणती कुटुंबे जाणार याची यादी टोळी निघण्यापूर्वी तयार असावी लागते. कोणाच्या दारात बैलगाडी वा ट्रॅक्टर केव्हा उभा राहणार, हे ग्रामपंचायत सदस्यांस शाळेच्याही आधी ठाऊक असते.

निकाल आणि वास्तव

तिसरीत कोणत्याही मुलास त्याच वर्गात पुन्हा बसविले जात नाही. आकारिक व संकलित मूल्यमापन करून त्याची प्रगती नोंदविली जाते आणि ते चौथीत जाते. मुलावर नापासाचा शिक्का बसू नये, हा यामागील विचार योग्यच आहे. परंतु मूल पुढे जाते तसा अभ्यासक्रमही पुढे जातो. चौथीत कोणी पुन्हा जोडाक्षरे शिकवील, अशी हमी नसते. म्हणून दर आठवड्याची लहानशी तपासणी आणि मागे राहिलेल्यांस त्याच आठवड्यात मदत, हाच खरा उपाय उरतो. मार्च-एप्रिलमधील निकालपत्रकास तोवर उशीर झालेला असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. समितीच्या सभांत छप्पर, कुंपण, स्वच्छतागृह, पोषण आहार यांची चर्चा होते व ती व्हावयासच हवी. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत. तिसरीतील किती मुलांस न पाहिलेला परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगता येतो? ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी या आठवड्यात काय केले? या प्रश्नांचा रोख शिक्षकांस दोष देण्याकडे नसावा. काय कमी पडते ते समजून घेऊन गावाने हातभार लावावा, एवढ्यासाठीच ते विचारावयाचे.

बाजाराच्या दिवशी घरी राहणारी मुलगी त्या दिवशीही वर्गात दिसावी, यासाठी नवी इमारत लागत नाही. तिच्या धाकट्या भावंडास तेवढा वेळ अंगणवाडीत घेण्याची व्यवस्था झाली आणि कोणी जाणत्या माणसाने तिच्या घरी जाऊन तेहतीस दिवसांचा हिशेब समजावून सांगितला, तरी पुष्कळ काम होईल. वर्षाचे आठवडे मोजकेच आहेत. त्यांतील एकेक आठवडा राखणे, हे शाळेइतकेच गावाचेही कर्तव्य आहे.