कागदाचा मुखवटा

प्रश्न : स्नेहसंमेलनासाठी व्हेनिसच्या कार्निव्हलसारखे मुखवटे स्वस्तात करायचे आहेत. पुठ्ठ्याचे चेहऱ्यावर नीट बसत नाहीत. काय करावे?

उत्तर : पुठ्ठा सपाट, चेहरा गोल, म्हणून कागदाचे थर द्या. व्हेनिसचे पारंपरिक मुखवटेही कागदाचेच, आणि आपल्या जव्हारच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातलेही. चेहऱ्याएवढ्या फुगवलेल्या फुग्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेले वर्तमानपत्राचे कपटे लावा. ते हातानेच फाडा. कात्रीने कापलेली कड रंगाखालूनही दिसते. चार-पाच थर पुरेत, मात्र प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत बुरशी येते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. नाकापर्यंतचा अर्धा मुखवटाच करा, संवाद स्पष्ट ऐकू येतील. वर पांढरा पोस्टर कलर, शिंप्याकडची उरलेली जर. डोळ्यांच्या भोकांजवळ चमकी लावू नका.