तिरकमठ्याचे लाकूड

नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर हे गाव आहे. गावाच्या चहूबाजूंना केळीच्या बागा आहेत. मी सातवीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाटक बसवले होते. त्यात मला शिकाऱ्याचे काम मिळाले. शिकारी म्हटला म्हणजे तिरकमठा हवाच! संमेलनाला पंधरा दिवस होते. मी सरांना मोठ्या ऐटीत सांगितले, "तिरकमठा मी घरीच करतो."

आमच्या अंगणात कडुनिंबाची एक वाळलेली फांदी पडली होती. ती मी तासली, दोन्ही टोकांना खाचा केल्या आणि सुतळी बांधली. धाकटा भाऊ शेजारी उभा राहून पाहत होता. मी दोरी जोरात ओढली. "काड्" असा आवाज झाला, फांदी मधोमध मोडली आणि तिची एक ढलपी उडून भावाच्या भुवईवर लागली. रक्त आले. अम्मीने हळद लावली. डोळा वाचला, पण त्या रात्री मला कोणी जेवायलाही बोलावले नाही.

दोन दिवसांनी मी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी सुबाभळीची ओली, हिरवी फांदी घेतली. ती मोडली नाही. छान वाकली. पण दोरी सोडल्यावर ती वाकलेलीच राहिली! बाण हातभर अंतरावर पडला. मग मी केळीच्या बागेतला एक जुना बांबू आणला. केळीचा घड जड झाला की झाड कलंडते, म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. त्या बांबूने चार पावसाळे आणि चार उन्हाळे पाहिले होते. कोयत्याचा पहिला घाव बसताच तो उभा चिरत गेला.

शेवटी मी मामूंकडे गेलो. मामू सुतारकाम करत. मोडलेली फांदी त्यांनी हातात घेतली आणि मोडलेल्या जागी बोट ठेवले.

"हे काय आहे?"

"गाठ," मी म्हणालो.

"गाठीपाशी लाकडाचे धागे वळतात, तुटतात. कमान ओढली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि तुझ्याकडची बाजू दाबली जाते. ताणलेल्या बाजूचा एक धागा तुटला की बाकीचे त्याच्या मागून जातात. म्हणून धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पाहिजे."

"आणि ओली फांदी?"

"ओले लाकूड वाकते, पण परत येत नाही. फार वाळलेले लाकूड परत यायच्या आधीच मोडते. आपल्याला या दोन्हींच्या मधले लाकूड पाहिजे. ते सावलीत, हळूहळू वाळवावे लागते. उन्हात ठेवले तर टोकांना चिरा पडतात."

मी विचारले, "मग सागवान घेऊ का? ते तर सगळ्यांत चांगले!"

मामू हसले. "सागवान दाराला चांगले. ऊन-पावसात ते वेडेवाकडे होत नाही. पण कमानीला नुसते टिकाऊ लाकूड चालत नाही, लवचीक लागते. बाभूळ चिवट खरी, पण जड. पांगारा हलका, पण नरम. खरे म्हणशील तर धामण पाहिजे."

धामण म्हणताच मी दचकलो. मला धामण म्हणजे साप एवढेच ठाऊक होते! मामूंनी सांगितले की धामण नावाचे एक झाडही जंगलात असते. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. कावडीचे दांडे, हत्यारांचे दांडे आणि धनुष्ये त्यापासून करत आले आहेत. संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात. 'धन्व' म्हणजे धनुष्य.

पण धामण आमच्या गावात मिळणार कुठून? जंगलातले झाड परवानगीशिवाय तोडणे हा गुन्हा आहे. मामू म्हणाले, "किनवट-माहूरकडच्या गोंड आणि कोलाम लोकांकडे मी बांबूचे तिरकमठे पाहिले आहेत. बांबू काही कमी नाही. फक्त तो निवडता आला पाहिजे."

त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर गेल्या हिवाळ्यात तोडलेला बांबू होता. तोडला तेव्हा तो तीन-चार वर्षांचा होता. कोवळा बांबू वाळला की आकसतो. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूला कीडही कमी लागते. हा बांबू जवळजवळ भरीव होता. मामूंनी तो उभा फाडला आणि माझ्या छातीएवढ्या उंचीची एक पट्टी घेतली.

"बांबूची ताकद सालीजवळ असते. सालीला हत्यार लावायचे नाही. साल बाहेरच्या बाजूला ठेवायची आणि तासायचे ते आतून."

मध्ये मुठीपाशी पट्टी जाड ठेवली, टोकांकडे पातळ केली. मग दोरी बांधून ती खुंटीला अडकवली. मी दोरी हळूहळू खाली ओढत होतो आणि मामू लांब उभे राहून पाहत होते. डावी बाजू कमी वाकत होती. त्यांनी ती आतून थोडी खरवडली. पुन्हा पाहिले, पुन्हा खरवडली. असे वीस-पंचवीस वेळा झाले असेल. मला कंटाळा आला, पण भावाची भुवई आठवली आणि मी गप्प राहिलो.

पुढे मोठेपणी वाचताना मला मामूंचे बोलणे पुन्हा पुन्हा भेटले. इंग्लंडचे 'मेरी रोज' नावाचे लढाऊ जहाज 1545 साली बुडाले. 1982 साली ते वर काढले. त्यात शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. ती यू नावाच्या झाडाची होती. या झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि आतले लालसर लाकूड दाब सोसते. तुर्क आणि मुघल कारागीर तर ताणाच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे धागे, दाबाच्या बाजूला शिंग आणि मधे लाकूड, असे सरसाने चिकटवत. अशा कमानींना पावसाळ्याची दमट हवा मानवत नसे. हिंदुस्थानात पोलादाच्या कमानीही झाल्या, त्याचे हे एक कारण सांगतात. आजही आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाच्या स्पर्धेत बांबूची किंवा लाकडाची धनुष्ये वापरतात.

आता शब्दांची एक गंमत. उर्दूतला 'कमान' हा फारसी शब्द मराठीतही आहे. पण तुम्ही जिला 'मेहराब' म्हणता, तिलाही मराठीत कमानच म्हणतात. 'तिरकमठा' या शब्दातला 'तीर' तर तुमच्या ओळखीचाच आहे.

तिरकमठा तयार झाल्यावर मी तो नानांना दाखवायला नेला. नाना पिंजारी होते. गाद्या-रजयांचा कापूस पिंजत. त्यांची पिंजण छताला टांगलेली असे. मी म्हणालो, "नाना, तुमची पिंजणही कमानच ना? तिचे लाकूडही असेच वाकते?"

"पिंजणीचा दांडा वाकला तर तांत सैल पडेल आणि माझी दिवसाची मजुरी बुडेल," नाना म्हणाले. "माझा दांडा ताठच पाहिजे. वाकायचे काम वरच्या छोट्या कमानीचे. बघ, पिंजण जिला टांगली आहे, ती बांबूचीच आहे."

मी वर पाहिले. रोज त्या खोलीत खेळूनही ती कमान मी कधी पाहिली नव्हती.

नानांनी माझा तिरकमठा हातात घेतला. दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. मग तो कानाजवळ नेऊन दोरी बोटाने छेडली.

"लाकूड चांगले आहे," ते म्हणाले. "पण सुतळी काढ. मी तुला तांत देतो."