व्हेंटिलेटरवरचा माणूस घरी नेण्याआधी



आमचे काम उसाचे. पण शिवारात फिरताना घरच्या अडचणीही कानावर येतात. ट्रॉली उलटून मानेच्या मणक्याला मार बसतो. जीव वाचतो, पण श्वास मशीनवरच राहतो. पुढे 'आता आयसीयूतून हलवा' म्हणतात आणि घरचे गोंधळतात. 'घरी नेऊ, मग बघू' हे अशा वेळी चालत नाही.

प्रथम डॉक्टरांना विचारावे : मशीन सुटण्याची आशा आहे का? असल्यास हळूहळू मशीन सोडवण्याची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यावे. श्वासाचे स्नायू पडून राहिल्याने दुबळे होतात. त्यांना पुन्हा सवय लागायला आठवडेही लागतात.

दुसरा दवाखाना पाहताना खाटेचा दर शेवटी विचारावा. आधी विचारावे : रात्री किती रोग्यांमागे एक नर्स? गळ्यातली नळी निघाली तर ती बसवणारा डॉक्टर जागेवर असतो का?

प्रकृती स्थिर असेल आणि घरीच न्यायचे ठरले, तर पुढील तयारी आधी करावी :

१) वीज : मोटार बंद पडली तर उसाला पाणी उद्या देता येते, श्वास उद्या देता येत नाही. मळ्यातल्या वस्तीपेक्षा गावठाणातले घर बरे. मशीनची बॅटरी किती तास टिकते ते चालवून पाहावे. शिवाय इन्व्हर्टर हवा. दिवसरात्र मशीनवर असणाऱ्यासाठी दुसरे मशीन तयार पाहिजे.

२) साहित्य : हाताने दाबायची अंबू बॅग उशाशीच असावी. गळ्यातल्या नळीच्या मापाची एक व एक माप लहान अशी जादा नळी ठेवावी. कफ ओढण्याचे विजेवरचे यंत्र आणि जोडीला हाताने किंवा पायाने चालणारे असावे.

३) माणसे : घरातल्या निदान तिघांनी दवाखान्यातच, नर्ससमोर, हात धुऊन कफ ओढणे, नळीची स्वच्छता व बॅग दाबणे स्वतः करून दाखवावे. नुसते बघून हे जमत नाही. सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका. पाणीपाळीसारख्या पाळ्या लावा. रात्रीही एकजण जागा पाहिजे.

४) अलार्म : तो कधीही बंद करून ठेवू नये. वाजला की आधी माणूस पाहा, मग मशीन. ओठ निळे पडले, घालमेल झाली, तर मशीन सोडवून बॅगने श्वास द्या. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

५) करार : मशीन भाड्याने देणारा बिघाड झाल्यावर किती वेळात येणार, हे लेखी घ्यावे.

रोगी शुद्धीवर असेल तर त्याची इच्छा जरूर विचारा. आणि यातले एकही काम अपुरे असेल, तर डॉक्टरांकडे आणखी चार दिवस मागून घ्या. तयारीसाठी थांबण्यात कमीपणा नाही.