ऑक्टोबरपासून मागं मोज

चिरंजीव भाचेबुवा,

परवा फोनवर म्हणालास, "आत्या, इंजिनिअरिंग झालं की मास्टर्सला जर्मनीला जायचं म्हणतोय." त्यातलं 'म्हणतोय' मला खटकलं. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसून मी अकरा वर्षं पोरांच्या फायली तपासल्या. मार्क कमी म्हणून राहिलेली पोरं थोडी. एखादा कागद वेळेत झाला नाही म्हणून वर्ष घालवून बसलेली जास्त. तेव्हा आता कान दे.

दिवस उलटे मोज

तिकडचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. कॅलेंडर त्या पानावर उघड आणि मागं मागं ये. ऑगस्ट-सप्टेंबर व्हिसात जातात. बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण इंग्रजीतून चालणारे कितीतरी अभ्यासक्रम मार्च ते मे दरम्यानच दार लावून घेतात. म्हणजे फेब्रुवारीत फाइल तयार हवी. त्याआधी इंग्रजीची परीक्षा, त्याआधी एपीएसचा दाखला, त्याआधी ट्रान्स्क्रिप्ट. एपीएस म्हणजे तुझ्या गुणपत्रिका खऱ्या आहेत याची जर्मन बाजूनं केलेली तपासणी. नोव्हेंबर २०२२पासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी तो दाखला सक्तीचा आहे. फी १८ हजार रुपये. आणि ट्रान्स्क्रिप्टसाठी आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर किती खेटे घालावे लागतात, ते तुझ्या सीनियर्सना विचार. थोडक्यात, पुढच्या ऑक्टोबरचं काम या गणपतीच्या आधी सुरू होतं.

शेवटच्या सत्राचा निकाल कधी लागेल हे देवालाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमाच्या कचेरीला आधीच मेल करून विचार: पदवीचं प्रमाणपत्र नंतर दिलं तर चालेल का, आणि कोणत्या तारखेपर्यंत? उत्तर आलं की प्रिंट काढून फाइलला लाव.

नाव एकच ठेव

तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. कॉलेजच्या कागदावर वडिलांचं नुसतं पहिलं अक्षर. आधारवर स्पेलिंग तिसरंच. आपल्याला कळतं की हा एकच मुलगा. समोरच्या कारकुनाला ते चार मुलगे वाटतात. दुरुस्त्या आत्ताच करून घे आणि यापुढं प्रत्येक अर्जात पासपोर्टवरचंच नाव लिही.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेव: एक सोबत, एक घरी, एक ईमेलवर. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेब आंबेडकरांनी आपली पुस्तकं वेगळ्या जहाजानं पाठवली होती. महायुद्धाचा काळ, ते जहाज बुडवलं गेलं आणि पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. त्यांच्याकडं स्कॅनर नव्हता. तुझ्या खिशात आहे.

मार्कांचं गणित स्वतः कर

तिथं १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए त्यात बसवायचं सूत्र सोपं आहे: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान पास यांच्यातल्या फरकानं भाग, तीननं गुण आणि एक मिळव. दहापैकी आठ असतील आणि पास चारला होत असेल, तर उत्तर येतं २.०. पुष्कळ अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगला आकडा मागतात.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. गणित किती क्रेडिटचं शिकलास, मुख्य विषय किती, हेही ते तपासतात. चारही वर्षांचा अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का मारून घेऊन ठेव. विषय जुळला नाही तर साडेनऊ सीजीपीएलाही नकार येतो.

फुकट शिक्षण फुकट नसतं

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून दर सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे. शहर निवडताना हे बघ आणि घरभाडंही बघ. म्युनिकच्या भाड्यात केम्निट्झ किंवा माग्डेबुर्गमध्ये जेवण, बस आणि वर चार पैसे सुटतात.

व्हिसासाठी वर्षभराचा खर्च बंद खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपयांना धरलास तरी बारा लाखांच्या जवळ जातं. रक्कम अधूनमधून वाढते, तेव्हा भरण्याआधी ताजा आकडा बघ. हे पैसे बुडत नाहीत, तिथं गेल्यावर दरमहा तुलाच मिळतात. पण विद्यापीठ फुकट आहे म्हणून बाप निर्धास्त आणि मे महिन्यात बारा लाखांसाठी धावपळ, हे मी दर उन्हाळ्यात पाहिलं आहे.

आता माझ्या टेबलावरचं गुपित. साडेसात लाखांच्या पुढं बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन सहसा चालत नाही. घर किंवा फ्लॅट लागतो. गावचं घर आजोबांच्या नावावर असेल तर सगळ्या काकांच्या आणि माझ्याही सह्या लागतील. माझी सही तयार आहे. धाकट्या काकाला मनवायला एक दिवाळी जाईल, हे धरून चाल. वकिलाचा शोध अहवाल आणि घराचं मूल्यांकन यांना दोन महिने ठेव. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत राहिलास तर पुढचा हप्ता हलका होतो.

फुकट सल्ला देणाऱ्याला पैसे कोण देतं, ते विचार

आमच्या शेजारच्या मुलीला एका सल्लागारानं आठ अर्ज भरून दिले. आठही खासगी कॉलेजं, आणि एकही तिच्या विषयाला धड नव्हतं. कमिशन कोण देत होतं हे आम्हाला उशिरा कळलं. अरे, अर्ज भरणं अवघड नाही. युनी-असिस्ट नावाच्या पोर्टलवर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० लागतात. काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात. अभ्यासक्रम डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोध. शिष्यवृत्त्याही तिथंच पाहा. तुझ्या वर्गातल्या कुणा मित्राला आपल्या राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती लागू होत असेल, तर त्यालाही आत्ताच सांग.

हेतुपत्र मात्र स्वतः लिही. 'मला लहानपणापासून यंत्रांची आवड' हे वाक्य वाचून तिथल्या प्राध्यापकांचे डोळे दुखत असतील. तुमच्या प्रोजेक्टमधला पंप तीनदा का जळला आणि चौथ्यांदा काय केलंस, ते लिही.

भाषा घेऊन जा

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर, नगरपालिकेची बाई आणि पुढं नोकरी देणारा जर्मनच बोलतात. इरावती कर्वे १९२८ साली पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि प्रबंध जर्मनमध्ये लिहून डॉक्टरेट घेऊन आल्या. तुझ्याकडून प्रबंध मागत नाही. निघेपर्यंत जर्मनची बी-वन पातळी पूर्ण कर. शिकायला मॅक्समुल्लर भवन आहे, वर्ष हाताशी आहे. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. भाषा असेल तर ते तुझ्या विषयाच्या कंपनीत, नसेल तर गोदामात खोकी उचलायला. पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं, तिथंही हेच.

पोचल्यावर

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाला अर्ज कर. रांग लांब असते. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअर करतो' म्हणणारा घरमालक चोर असतो. घरात राहायला गेलास की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर. घरमालकाचं पत्र लागतं. आरोग्य विमा सरकारी घे. स्वस्त म्हणून एकदा खासगी घेतलास आणि सरकारीतून सूट मागितलीस, तर शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही.

एक गोष्ट मनावर कोरून ठेव: इथली एटीकेटी तिथं नाही. परीक्षेला स्वतः नाव नोंदवावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालास की विद्यापीठातून नाव कटतं. तयारी नसेल तर मुदतीत नाव मागं घे. त्यात लाज नाही.

सामानात गोडा मसाला, मेतकूट, छोटा कुकर घे. तूप आणि कंदी पेढे घरीच राहू देत. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. विजेचा दाब आपल्यासारखाच, पण पिना वेगळ्या. डिसेंबरात दुपारी चारला अंधारतं. तेव्हा खोलीत एकटा बसू नकोस, ग्रंथालयात जाऊन बस. घरी फोन कर, पण खोटं 'सगळं छान आहे' सांगायला नको. आईला नसेल सांगवत तर मला सांग.

सोमवारी कॉलेज उघडलं की आधी परीक्षा विभागात जा, ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज भर आणि पावतीचा फोटो मला पाठव. त्यानंतर 'म्हणतोय' म्हणू नकोस, 'जातोय' म्हण.

तुझी,
आत्या