टँक स्वच्छ होता, म्हणूनच बिघडला

"ताई, खाणं जास्त पडतंय. पुढच्या वेळी साहेबांना पाठवा, त्यांना नीट समजावतो." दुकानदाराचं हे बोलणं अजून डोक्यातून जात नाही. आमचे साहेब आमच्या समुद्री टँकमध्ये फक्त खाणं टाकतात, तेही मी मोजून दिलेलं. मीठ कालवणं, पाणी तपासणं, स्किमरचा कप धुणं, सगळं माझ्याकडे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अशा नोंदी असलेली वही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर होता. खडकांवर शेंबडासारख्या तारा लोंबत होत्या आणि त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले. संध्याकाळी सगळं माजलेलं, सकाळी दिवे लागायच्या आधी बरंचसं गायब. दुकानदाराने मोबाईलवर फोटो पाहिला आणि "सायनो" म्हणून मोकळा झाला. आधी फॉस्फेट शोषणारी पावडर गळ्यात मारली, मग इरिथ्रोमायसिन. दोन्हींनंतर थर वाढतच गेला आणि टर्बो गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. "म्हाताऱ्या असतील," म्हणे. त्यानेच तर विकल्या होत्या!

शेवटी भाचीकडून सूक्ष्मदर्शक आणला. त्या चिकट्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि 400 पट मोठा करून पाहिला. थेंबाच्या आकाराच्या तपकिरी पेशी, निमुळतं टोक एका जागी रोवून गरगर फिरताहेत. केसाळ शेवाळ असं फिरत नाही, सायनोही नाही. हे ऑस्ट्रिऑप्सिस, म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट). नायट्रेट-फॉस्फेट संपलं की बाकीची शेवाळं आणि जिवाणू उपाशी पडतात आणि याला रान मोकळं मिळतं. माझं पाणी आधीच उपाशी होतं. ते आणखी उपाशी ठेवायचे या माणसाने पैसे घेतले. व्हिडिओ दाखवला, तर "मोबाईलवर फार वाचता तुम्ही" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तेव्हा औषध घेण्याआधी ओळख पटवा. नव्या टँकमधली तपकिरी भुकटी बहुधा डायटम असते, पाण्यातलं सिलिकेट संपलं की जाते. आरओचं टीडीएस तेवढं शून्यावर ठेवा. सायनोची लालसर साय पापुद्र्यासारखी उचलता येते. हा मुळात जिवाणू, म्हणून इरिथ्रोमायसिन त्याला लागू पडतं, डायनोला नाही. पिसासारखी हिरवी पानं दिसली तर ब्रायोप्सिस, त्याला फ्लुकोनाझोल. हिरवे चकचकीत फुगे म्हणजे व्हॅलोनिया, ते हाताने अलगद काढा. केसाळ शेवाळ मात्र खरंच जास्त खतावर वाढतं, आणि ते भरपूर असेल तर किट शून्य दाखवतं, कारण सगळं तेच खात असतं. म्हणून नुसत्या किटवरही विसंबू नका.

सूक्ष्मदर्शक नसेल तर तो चिकटा बाटलीत घालून जोरात हलवा, टिश्यूपेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा तारा जमल्या तर डायनो समजा.

माझ्याकडे उतार पडला तो नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या आसपास नेल्यावर, आणि यूव्ही थेट मुख्य टँकला जोडल्यावर. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतं, तेव्हा ते यूव्हीत सापडतं. वाळूतच राहणाऱ्या अँफिडिनियम या दुसऱ्या डायनोवर यूव्हीचे पैसे वाया. डायनोचं विष शोषायला कार्बन ठेवा. पाणी बदलणं मी काही काळ थांबवलं. बदललं की डायनो जोर धरायचं. बाकी धीर धरा वगैरे सगळेच सांगतात, पण गोगलगायी मरत असताना तो कुठून आणायचा ते कोणी सांगत नाही. माझे झोआंथिड आणि मशरूम हे प्रवाळ वाचले. (दगडी प्रवाळ मी ठेवत नाही, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदार ते घ्यायचे का विचारेल तेव्हा हेही सांगा.)

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. 2005 साली इटलीतल्या जिनोव्हाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस माजलं, तेव्हा सुमारे 200 जणांना ताप, खोकला आणि श्वासाच्या त्रासाने डॉक्टर गाठावा लागला. सायफनची नळी तोंडाने ओढू नका, हातमोजे घाला, खडक घासताना डोळ्यांवर चष्मा ठेवा.